ट्रेकी, ट्रेकर की नुसतंच फॅन? बिल्ल्यावर काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे बरीच वर्षं विज्ञानकथा वाचतात आणि पहिल्यांदाच एका संमेलनाला निघाले आहेत. नोंदणीच्या अर्जात ‘बिल्ल्यावर नावाखाली काय छापायचं’ असा एक रकाना आहे. स्टार ट्रेक ही टीव्ही मालिका आवडते म्हणून ‘ट्रेकी’ लिहायला गेले, तर कुणीतरी सांगितलं की ती टिंगल आहे, ‘ट्रेकर’ म्हणा. ‘साय-फाय फॅन’ म्हणावं, तर दुसऱ्याने नाक मुरडलं. मग या मंडळींनी स्वतःला म्हणवून घ्यायचं तरी काय, आणि एवढ्याशा शब्दांवरून एवढे रुसवेफुगवे कशासाठी?

अशा संमेलनांच्या नोंदणीच्या टेबलामागे मी बरीच वर्षं बसलो आहे आणि एक छोटं फॅनझिनही, म्हणजे हौशी मासिक, चालवलं आहे, त्यामुळे या रकान्याशी माझी जुनी ओळख आहे. एकदा आम्ही हौसेने बिल्ल्यांवर प्रत्येकाची ‘जात’ आधीच छापून ठेवली होती. अर्जात आवडती मालिका विचारलेली होतीच, त्यावरून आम्ही परस्पर ठरवून टाकलं. साठीचे एक गृहस्थ आले, बिल्ला हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि मागे वीसेक जणांची रांग असताना टेबलावरचं पेन उचलून ‘ट्रेकी’मधली शेवटची दोन इंग्रजी अक्षरं शांतपणे खोडली. तिथे ‘ट्रेकर’ची दोन अक्षरं बसवली, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि मला म्हणाले, “ट्रेकी बघतो. मी लिहितो.” त्यांच्या मागे जेमतेम विशीतली एक मुलगी होती. तिचा बिल्ला चुकून कोरा राहिला होता. ती म्हणाली, “त्यांनी खोडलंय ना, ते मला द्या. मला ट्रेकीच हवंय.”

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोघांतच आहे. शब्द एकच, पण त्यांच्या कानावर तो वेगवेगळ्या तोंडून पडला होता. मालिका 1966 ते 1969 अशी तीन वर्षं चालली. ‘ट्रेकी’ हा शब्द 1967 सालचा, आणि तो पहिल्यांदा वापरण्याचं श्रेय आर्थर साहा या संपादकांना दिलं जातं. हे साहा जुन्या विज्ञानकथा-वर्तुळातले. म्हणजे नाव ठेवलं ते आधीपासून घरात असलेल्यांनी, नुकत्याच दारात आलेल्यांना. पुढे वर्तमानपत्रांनी ते उचललं आणि मालिकेतल्या स्पॉकसारखे रबरी टोकदार कान लावलेल्यांच्या फोटोखाली छापायला सुरुवात केली. त्या फोटोंना कंटाळलेल्या, स्वतःला गंभीर समजणाऱ्या लोकांनी मग ‘ट्रेकर’ काढलं. त्या गृहस्थांचं तारुण्य त्या फोटोंच्या काळातलं. मुलीने ते फोटो पाहिलेलेही नव्हते. तिच्यासाठी ट्रेकी म्हणजे लाडाचं नाव. तेव्हा ‘ट्रेकी ही शिवी आहे का’ याला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. कुणी कुणाला म्हटलं ते आधी सांगावं लागतं. स्वतःला म्हटलं तर चालतं. दुसऱ्याला म्हणायचं असेल, तर आधी त्याचं वय बघा!

पण गृहस्थांच्या ‘मी लिहितो’ या दोन शब्दांत खरी गोम आहे, आणि ती ट्रेकपेक्षा बरीच जुनी आहे.

‘फॅन’चं मराठी आपण ‘चाहता’ करतो आणि तिथेच फसतो. चाहता हा भावनेचा शब्द आहे. विज्ञानकथेच्या वर्तुळात फॅन हा कामाचा शब्द आहे. शब्द मुळात ‘फॅनॅटिक’चा तुकडा, अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांना लावलेला, पण इथे आल्यावर त्याचा अर्थ पालटला, आणि त्याला कारण घडलं एका मासिकाचं पत्रांचं पान. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल 1926 मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापताना ते पूर्ण पत्ताही छापत. झालं! लोकांनी संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्रांतून मंडळं निघाली, मंडळांतून हाताने छापलेली छोटी मासिकं निघाली. असं पहिलं मासिक म्हणून ज्याचं नाव सहसा घेतलं जातं ते ‘द कॉमेट’ 1930 चं. संपादकाला सतत पत्रं पाडणाऱ्यांसाठी ‘लेटरहॅक’ असं खास नाव पडलं. ऑक्टोबर 1940 मध्ये लुई रसेल शोव्हेने यांनी अशा हौशी मासिकांसाठी ‘फॅनझिन’ शब्द घडवला आणि पैसे देऊन लिहून घेणाऱ्या मासिकांना ‘प्रोझिन’ म्हटलं. शोव्हेने बहिरे होते आणि उत्तम बुद्धिबळपटू होते. पत्रावर चालणाऱ्या या जगात त्यांना ऐकू येतं की नाही याचा प्रश्नच येत नव्हता, हे मला फार आवडतं.

म्हणजे सुरुवातीपासून फॅन तो, जो काहीतरी करतो: पत्र लिहितो, अंक काढतो, खोली भाड्याने घेऊन चार जणांना जमवतो. या करण्याला ‘फॅनॅक’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि करणाऱ्याला कधीकाळी ‘अॅक्टिफॅन’ म्हणत. नुसता वाचतो तो वाचक, कितीही वाचो. मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला विचाराल तर ‘कार्यकर्ता’. व्यासपीठावर नसतो, सतरंज्या तोच उचलतो, आणि मांडव कुणाचा यावरून भांडतोही तोच.

हे ध्यानात आलं की वरवर विचित्र वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. जागतिक विज्ञानकथा संमेलनाला, म्हणजे वर्ल्डकॉनला, तिकीट नसतं, सदस्यत्व असतं. 1939 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पहिलं भरलं तेव्हा सुमारे 200 माणसं होती. आता हजारो येतात, तरी ‘प्रेक्षक’ म्हटलेलं तिथे अजून खपत नाही. पैसे भरलेत ते बघण्यासाठी नाही, सामील होण्यासाठी, असा हट्ट आहे. वर्ल्डकॉनमध्ये दिल्या जाणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत 1955 पासून फॅनझिनचा आणि 1967 पासून फॅन लेखकाचा विभाग आहे, आणि हे ‘फॅन लेखक’ म्हणजे फॅन फिक्शन लिहिणारे नव्हेत. ते समीक्षा, टिपणं, संमेलनांचे वृत्तांत, थट्टा असं लिहिणारे. नवखे इथे हमखास चकतात.

‘फॅन फिक्शन’ची कुळकथा तर आणखी गमतीची. ट्रेकच्या आधी या शब्दाचा अर्थ हौशी लेखकाने लिहिलेली कथा, किंवा चक्क फॅन लोकांनाच पात्रं करून लिहिलेली कथा. या दुसऱ्या प्रकारासाठी पुढे ‘फॅन’मधला ए दोनदा लिहायची पद्धत पडली. ट्रेकवाल्यांनी मालिकेतली पात्रं घेऊन कथा लिहायला घेतल्या आणि शब्द त्यांच्याकडे गेला तो गेलाच. आज रस्त्यावरच्या माणसाला विचाराल तर तो तोच अर्थ सांगेल. हे दोन अर्थ 2019 मध्ये डब्लिनच्या वर्ल्डकॉनला समोरासमोर आले. फॅन फिक्शनचं मोठं भांडार असलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ला ह्यूगो मिळाला, आणि तिथे लिहिणारे कितीतरी जण हौसेने स्वतःला ‘ह्यूगो विजेते’ म्हणवून घेऊ लागले. पुरस्कारवाल्यांनी खुलासा केला की मान त्या संकेतस्थळाला आहे, त्यावरच्या एकेका कथेला नाही. नियम बघता ते बरोबर होतं. पण ज्या मंडळींनी नव्वद वर्षं ‘जो करतो तो फॅन’ असं सांगितलं, त्यांनीच करणाऱ्यांना हिशेब विचारावा, हे मला जरा खटकलं.

आता नावांची उतरंड. नवा आला की ‘निओफॅन’, लाडाने ‘निओ’. थोडं नाव झालं की बीएनएफ, म्हणजे मोठ्या नावाचा फॅन. हे बिरुद स्वतःला लावलं की माणूस संपलाच. ते दुसऱ्याने, बहुधा पाठीमागे, आणि निम्मं चिडूनच लावायचं असतं. संमेलनं भरवणाऱ्या, नियम तोंडपाठ असलेल्या, हॉटेलवाल्यांशी खोल्यांवरून घासाघीस करणाऱ्या लोकांना ‘स्मॉफ’ म्हणतात: फॅनडमचे, म्हणजे या फॅन मंडळींच्या जगाचे, गुप्त सूत्रधार. शब्द उघड थट्टेचा. कारण सूत्रं हलवणं म्हणजे प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता खुर्च्या मोजणं. लेखक जॅक चॉकर यांच्या नावावर हा शब्द आहे, आणि आता तो इतका रुळलाय की क्रियापदासारखाही चालतो: दोघंतिघं कोपऱ्यात डोकं जोडून पुढच्या वर्षीच्या जागेबद्दल बोलत असतील तर ते ‘स्मॉफिंग’. मलाही कधी कधी स्मॉफ म्हणतात. मी नाकारतो, आणि खऱ्या स्मॉफची खूण तीच, असं म्हणतात.

‘फेन’ हा शब्द दिसला तर छपाईची चूक समजू नका. इंग्रजीत ‘मॅन’चं अनेकवचन ‘मेन’, म्हणून ‘फॅन’चं ‘फेन’. मराठीत या कोटीचा उपयोग शून्य, आपलं एक फॅन आणि शंभर फॅन. (शब्दशः भाषांतर करून कुणी ‘पंखा’ म्हणतं, ती कोटी मी हजारदा ऐकली आहे. कृपया नको.) बायकांसाठी ‘फेमफॅन’ असा वेगळा शब्द एके काळी होता. त्या मोजक्या होत्या तोवर तो टिकला. त्यांनीच संमेलनं चालवायला घेतल्यावर वेगळ्या शब्दाची गरज कुणाला राहिली?

‘फर्स्ट फॅनडम’ हे नाव मात्र जपून वापरा, कारण ती खरीच संघटना होती. 1950 च्या दशकाच्या अखेरीस निघालेली. सदस्य व्हायची मूळ अट एकच: 1 जानेवारी 1938 च्या आधीपासून तुम्ही या उद्योगात असला पाहिजेत. अशी अट असलेल्या संस्थेचं पुढे काय होणार हे उघड होतं. ते लोक स्वतःला ‘डायनासोर’ म्हणवून घेत.

आणि मग ‘गाफिया’. हा माझा सगळ्यात लाडका शब्द. ‘सगळ्यापासून दूर पळणं’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरं जोडून झालेला. मूळ अर्थ होता कंटाळवाण्या रोजच्या जगातून फॅनडममध्ये पळून येणं. काही वर्षांत अर्थ बरोबर उलटा झाला: फॅनडममधून पळून रोजच्या जगात जाणं. ज्यांनी आसरा म्हणून हे घर बांधलं त्यांनाच त्यातून सुटका हवीशी वाटायला लागली, आणि शब्द बदलायचीही तसदी कुणी घेतली नाही. गेलेल्याला ‘गाफिएट’ म्हणतात. नाइलाजाने गेला असेल, म्हणजे लग्न, मूल, नोकरी, आजारपण, तर ‘फाफिया’. मी मधली सहा वर्षं फाफियात होतो. परत आलो तेव्हा कुणीही काही विचारलं नाही. फक्त एकाने छपाईचं शिल्लक काम माझ्या पुढ्यात सरकवलं.

याच्याच आसपास आणखी दोन घोषणा कानावर येतील. एक ‘फियावॉल’, म्हणजे फॅनडम ही जगण्याची रीत आहे. दुसरी ‘फिजॅग’, म्हणजे फॅनडम हा नुसता एक छंद आहे, मध्ये एक कचकचीत शिवी. लोक हे दोन पंथ असल्यासारखं बोलतात. माझा अनुभव असा की एकच माणूस शुक्रवारी संध्याकाळी पहिल्या पंथात असतो आणि रविवारी आवराआवर करताना दुसऱ्या.

एका नावाबद्दल मात्र मला थट्टा सुचत नाही. ए. ई. व्हॅन व्होग्ट यांची ‘स्लॅन’ ही कादंबरी ‘अस्टाउंडिंग’ मासिकात सप्टेंबर ते डिसेंबर 1940 अशी क्रमशः आली. स्लॅन म्हणजे माणसापेक्षा बुद्धीने वरचढ आणि म्हणूनच माणसांनी छळलेली जमात. वर्गात एकटं बसून मासिक वाचणाऱ्या पोरांना हे वाचून काय वाटलं असेल ते सांगायला नको. ‘फॅन म्हणजेच स्लॅन’ ही घोषणा झाली. बहुतेकांनी ती हसत वापरली. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला 1943 मध्ये काही जण एकत्र राहू लागले, त्या घराचं नावच ‘स्लॅन शॅक’. पुढे फॅन लोक एकत्र राहत असलेल्या कुठल्याही घराला ते नाव पडलं. इथवर ठीक. पण काहींनी ते खरंच मानलं आणि बाहेरच्यांसाठी ‘मंडेन’ हा शब्द रूढ झाला: सामान्य, मातीतले, आपल्यातले नसलेले. अजूनही संमेलनाच्या लिफ्टमध्ये कुणी अनोळखी कुटुंब शिरलं की मागून हा शब्द ऐकू येतो. स्वतःला वेडं म्हणवून घेण्यात मौज आहे, पण त्यासाठी शेजाऱ्याला मठ्ठ ठरवावं लागत असेल, तर तो शब्द मी माझ्या अंकात छापत नाही. एकदा एका लेखकाशी यावरून वाजलंही होतं; लेख परत गेला.

‘साय-फाय’चं प्रकरणही असंच, फक्त निरुपद्रवी. गर्न्सबॅक यांचा मूळ शब्द होता ‘सायंटिफिक्शन’, त्याचं तोंडी रूप ‘स्टेफ’. 1929 मध्ये ‘अमेझिंग’ त्यांच्या हातून गेलं आणि नवं मासिक काढताना त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ धरलं. ‘साय-फाय’ 1950 च्या दशकात पसरला, आणि तो पसरवण्याचं श्रेय जातं फॉरेस्ट अॅकरमन यांना. तेव्हा ‘हाय-फाय’ ध्वनियंत्रांची चलती होती, त्यावरून यमक. आणि गंमत म्हणजे अॅकरमन हे फॅनातले फॅन. 1939 च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनला भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेलेले तेच. पोशाख शिवला होता मर्टल डग्लस यांनी, आणि त्या स्वतःही तसाच पोशाख करून आल्या होत्या. आजच्या कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्याच्या हौसेची, पणजी म्हणावी अशी गोष्ट, पण ‘कॉस्प्ले’ हा शब्द यायला 1980 चं दशक आणि जपान लागलं. तर, अॅकरमन घरचेच. तरीही पत्रकारांनी आणि चित्रपटवाल्यांनी ‘साय-फाय’ उचलल्याबरोबर घरच्यांनी तो टाकला. ते ‘एसएफ’ म्हणू लागले आणि फालतू राक्षसपटांसाठी ‘साय-फाय’चा मुद्दाम वाकडा उच्चार ‘स्किफी’ राखून ठेवला. तुमच्यासमोर नाक मुरडणारा माणूस पन्नाशीच्या पुढचा असावा, अशी माझी पैज आहे. तरुणांना हा वादच माहीत नाही, आणि माझ्या मते तो आता मोडीत काढायला हरकत नाही.

बाहेरून आलेला शब्द घरचा कसा होतो याचा सगळ्यात ठसठशीत नमुना जपानीत आहे. ‘ओताकू’चा शब्दशः अर्थ ‘आपलं घर’, आणि तो ‘तुम्ही’ या अर्थाचं अदबीचं सर्वनाम म्हणून वापरतात. आपण अनोळखी माणसाला ‘आपण’ म्हणतो, साधारण तसं. कॉमिक्स आणि अॅनिमेशनच्या नादातली तरुण पोरं एकमेकांशीही या अवघडलेल्या अदबीने बोलतात, हे अकिओ नाकामोरी यांनी 1983 मध्ये एका मासिकातल्या सदरात टिपलं आणि त्यांना तेच नाव ठेवलं. हेतू सरळसरळ खिल्लीचा. आज जगभर लोक अंगावरच्या शर्टावर ‘ओताकू’ मिरवतात. त्या शब्दातला ‘आपण’ कुणालाच ऐकू येत नाही.

बाकी मालिकांगणिक पडलेली नावं, हूव्हियन (‘डॉक्टर हू’वाले), ब्राउनकोट (‘फायरफ्लाय’वाले) वगैरे, सोपी आहेत. त्यांत काम आलं नाही, आवड आली की पुरे. ती बिनधास्त वापरा.

आता तुमचा रकाना. तुम्ही काय आहात यापेक्षा तुम्ही काय करता ते लिहा. वर्षाला पन्नास कथा वाचत असाल तर ‘वाचक’ लिहा. हा शब्द तिथे इतका दुर्मीळ आहे की लोक थांबून विचारतील. पुस्तकांवर दोन ओळी का होईना लिहीत असाल, तर ‘फॅन’ म्हणायचा हक्क तुमचा झालाच, कुणाची परवानगी नको. ट्रेक आवडतं तर ट्रेकी लिहा. खोडायचं ते खोडतील. बीएनएफ, स्मॉफ यातलं काहीही स्वतःहून लिहू नका, थट्टेतही नको. ती थट्टा कळायला माणसं तुम्हाला ओळखत असावी लागतात.

नाव मात्र ठळक लिहा. दोन हात लांबून वाचता येईल एवढं. आम्ही टेबलामागचे लोक हेच सांगून थकतो. बऱ्याच संमेलनांत बिल्ल्याखाली चिकटवायच्या रंगीत फिती मिळतात. काहींच्या गुडघ्यापर्यंत लोंबत असतात. नोंदणीच्या टेबलावर ‘पहिलंच संमेलन’ अशी फीत आहे का ते विचारून घ्या आणि असेल तर लावा. ती बघून जुनी मंडळी आपणहून बोलायला येतात, आणि त्यातला कुणीतरी दुपारपर्यंत तुमच्या हातात खुर्च्यांची चळत देतो.